गोटी सोड्याच्या बाटलीची शपथ

मी एक जुनी गोटी सोड्याची बाटली आहे. मित्रांनो, माझं ऐकून कोणाचा विश्वास बसणार नाही. नाही बसला तर नाही, पण ऐका. माझी गोटी म्हणजे आभाळातून पडलेली गार आहे. अजून विरघळलेली नाही. पारशिवनीच्या एका वरातीत माझा फटाक आवाज ऐकून पेंचचा वाघ झाडावर चढला होता!

नागपुरात, इतवारीकडच्या एका गल्लीच्या तोंडाशी, मार्तंडच्या गाडीवर माझी उमर गेली. त्या गल्लीत पुरुष मान खाली घालून शिरत आणि मिशीला पीळ देत बाहेर येत. पुढे रंगीत शरबतांच्या बाटल्या आल्या आणि मला कोणी विचारेना. तेव्हा मार्तंडनंच अफवा सोडली : "बाईकडून आल्यावर सोड्यानं धुवा. सोडा लोखंडाचा गंज काढते, मंग गुप्तरोग काय चीज हाय?"

झालं! माझा मान वाढला.

अठ्ठ्याऐंशी साली प्रेमलता नावाची नर्सबाई गाडीपाशी येऊन सांगू लागली, "एड्स नावाची बिमारी आली आहे. ती धुऊन जात नाही. निरोध वापरा."

मार्तंड म्हणाला, "निरोधाचे तर पोट्टे फुगे उडवतात, बाई!"

सगळे खदखदले. मीही फेसाळून हसले.

सावनेरचा ट्रकवाला चंद्रभान माझा सच्चा भक्त. गल्लीतली रंभाबाई त्याला दारातच अडवी, "निरोध लाव गा, नाहीतर वापस जाय. घरी बायको हाय तुही."

"तू मले शिकवून राहिली? मार्तंडचा सोडा हाय ना!"

ती दार लावून घेई. तो शेजारचं दार ठोठावी, आणि परतताना माझी गोटी दाबून धुऊन घेई.

पाच-सहा वर्षांनी, मारबतीच्या दिवशी, रोगराईचा पुतळा गावाबाहेर जाळायला नेताना रस्त्यावर आरोळ्या चालल्या होत्या, "रोगराई घेऊन जाय गे मारबत!" मार्तंडनं मला उंच धरून नव्या गिऱ्हाइकांना सांगितलं, "सावनेरचा चंद्रभान पाहा! याच पाण्यानं धुते. पहेलवान हाय पहेलवान! बायको ठणठणीत, पोरगंबी झालं."

अगदी खरं, मित्रांनो! मी गोटीची शपथ घेऊन सांगते, माझ्या पाण्यानं धुतलेला एकही माणूस कधी आजारी...

"खोटं!"

गिऱ्हाइकांच्या मागे एक बाई काखेत लेकरू घेऊन केव्हाची उभी होती.

"मी चंद्रभानची बायको, गोपिका. हाडं राहिली त्याची. दवाखान्यातल्यांनी खाट व्हरांड्यात काढून टाकली, कोणी हात लावत नाही. तीच बिमारी माह्याबी रक्तात निघाली. हे पोरगं अंगावर पिते, याचं अजून तपासलं नाही. अन् त्यानं मले कायले धाडलं माहीत हाय? मार्तंडचा सोडा आण म्हणे, धुतलं का बरा होतो."

आरोळ्या पुढे निघून गेल्या होत्या. मार्तंडनं उंच धरलेलं मला खाली घेतलं.

"दे आता. बाटली एकच हाय, मार्तंडभाऊ. सांग, आधी कोणाले धुऊ?"