तिरका जोड

हा मेला की नाही, एवढंच तिला ठरवायचं होतं, आणि तेच काही केल्या ठरेना.

जुन्या फिल्म जोडणं हे तिचं काम. संग्रहालयाच्या टेबलावर आत्ता होता एक मूकपट, घोडेस्वारांचा, धुळीचा, बंदुकांचा. असले मूकपट एके काळी ढिगाने निघाले आणि बहुतेक जळाले, सडले, नाहीतर भंगारात गेले. याची तर जगात म्हणे ही एकच प्रत. संध्याकाळपर्यंत तिने तुकड्यांचा क्रम लावायचा, मग तोच कायमचा. मजकुराच्या पाट्या केव्हाच गळाल्या होत्या, त्यामुळे कोण काय बोलतंय ते देवालाच ठाऊक.

नायकाला विहिरीपाशी गोळी लागते, टोपी विहिरीत पडते, हा आडवा. आणि पुढच्याच तुकड्यात पठ्ठ्या तीच टोपी घालून हसत गावात शिरतो! मधलं काही हरवलं म्हणावं, तर जोड चांगला पक्का. तीन दिवस तिचं डोकं चालेनासं झालं होतं.

मग तिने तो जोड भिंगाखाली धरला. सगळे सरळ कापतात. हा तिरका होता. तिरकं कापणारा एकच माणूस तिला माहीत होता, तिला हे काम शिकवणारा. सतरा थिएटरांत प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर म्हणून राबलेला तिचा बाप.

ती तशीच घरी गेली. बाबा खिडकीशी पेपर वाचत बसले होते. तिने त्या तिरक्या जोडाचं विचारलं, तर त्यांनी आधी कानावर हात ठेवले, मग हसले, मग कबूल केलं. गावात शिरायचा तुकडा मुळात सुरुवातीचा, तो आपणच काढून शेवटी चिकटवला. खरा नायक विहिरीपाशीच मरतो.

“पण का, बाबा?”

“चार वर्षांची होतीस तू. केबिनच्या झरोक्यातून बघितलंस आणि दोन दिवस जेवली नाहीस. मी म्हटलं, उद्या ये, उठतो तो. मग उठवावाच लागला.”

तिला यातलं अक्षरही आठवत नव्हतं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. चिडावं की हसावं, कळेना.

बाबांनी पेपरची घडी केली. “मग आता पुन्हा मारणार त्याला?”

“हो, बाबा,” ती म्हणाली, आणि एवढी पन्नाशीची बाई ढसाढसा रडायला लागली. कुणासाठी, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.