चूल आधी, आग नंतर

मी शब्दकोशाच्या कपाटातला पुठ्ठ्याचा एक तुकडा बोलतोय. तळहाताएवढा आहे, कोपरे दुमडलेत, आणि अकरा वर्षं स्वयंपाकघरात राहून अंगाला फोडणीचा वास लागलाय. लोक मला कार्ड म्हणतात. काय हवं ते म्हणा, फक्त हरवलेलं म्हणू नका.

माझ्यावर एका शब्दाची कुळकथा आहे, सरांच्या हातची. सर म्हणजे कोशाचे संपादक. लॅटिनमध्ये 'फोकुस' म्हणजे घरातली चूल. आगीला वेगळा शब्द होता, 'इग्निस', जरा भारदस्त. पण माणसांचा रोजचा संबंध चुलीशी. मग बोलता बोलता त्यांनी चुलीचंच नाव आगीला देऊन टाकलं. इटालियनमध्ये 'फुओको', स्पॅनिशमध्ये 'फुएगो', रोमानियनमध्ये 'फोक'. फ्रेंचांनी तर झिजवून झिजवून 'फ्य' एवढी नुसती फुंकर शिल्लक ठेवली. त्याच कुळातला स्पॅनिश 'ओगार' म्हणजे चक्क घर. तळाशी सरांनी लिहिलंय, 'चूल आधी, आग नंतर.' माझ्या डोक्यात हवा गेली ती तेव्हापासून.

आमच्या कार्यालयाचा एक कडक नियम होता. खणातून कार्ड काढलं की त्या जागी लाल चिठ्ठी ठेवायची. कोणी नेलं, कधी नेलं, सगळं लिहून. नियम सरांचाच. विसरलेल्या माणसाला ते असं काही बोलायचे की तो दोन दिवस डबा खाली मान घालून खायचा.

आणि एका संध्याकाळी सरांनीच मला खिशात टाकून घरी आणलं. चिठ्ठी? तिचं नावच नको! काकूंना, म्हणजे बायकोला, कधी एकदा दाखवतो असं त्यांना झालं होतं.

काकू गॅसपाशी उभ्या होत्या. सरांनी वाचून दाखवलं.

"म्हणजे आमच्या चुलीवरून जगानं आगीचं नाव ठेवलं म्हणा की," काकू म्हणाल्या. "उभ्या जन्मात तुम्ही माझ्या कामाचं एक तरी वाचलंत."

सर खूश होऊन हसले. "ठेव मग तुझ्याकडे," म्हणाले. ते बोलून विसरले, काकूंनी मात्र मनावर घेतलं. मला भोक पाडून त्यांनी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवलं. पुढे दरवर्षी नवं कॅलेंडर माझ्यावर चढत गेलं.

दोन महिन्यांनी कार्यालयात माझी शोधाशोध झाली. खणात मी नाही, लाल चिठ्ठीही नाही. कपाटाची किल्ली होती ताईकडे, सरांच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनीकडे. "तूच हरवलंस," सर म्हणाले आणि किल्ली काढून घेतली. घरी ते कार्यालयातलं अक्षर काढत नसत, त्यामुळे काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून ताई रोज सकाळी तीन जिने चढून सरांच्या घरी किल्ली न्यायला यायची आणि संध्याकाळी परत द्यायला. अकरा वर्षं. मी दहा पावलांवर, कॅलेंडरमागे, भिंतीकडे तोंड करून. तिची चप्पल उंबऱ्याबाहेर थांबलेली ऐकू यायची. कधी आत आली नाही. मला तोंड असतं तर पहिल्याच दिवशी बोंब ठोकली असती.

परवा ती आली ती छपाईची पानं घेऊन. "सर, 'फोकुस'ची नोंद अर्धीच जातेय. तुम्हाला आठवतंय तेवढं सांगाल?"

"हरवलंस तू, आठवायचं मी?" सर म्हणाले.

ताईने हातातली पानं नीट जुळवली. मग शांतपणे म्हणाली, "सर, मी नाही हरवलं. अकरा वर्षांत आज पहिल्यांदा सांगतेय."

काकू हात पुसत बाहेर आल्या. "अगं, आत तरी ये. छापायला कधी द्यायचंय? थांब, तारीख बघू." त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून उतरवून दारात आणलं, आणि मागे चिकटून आलेला मी सुटून ताईच्या पायाशी पडलो.

तिने मला उचललं. उलटून सरांपुढे धरलं. सरांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हे तर माझं," काकू म्हणाल्या. "यांनीच दिलंय मला. हे शोधत होतात होय? काखेत कळसा नि गावाला वळसा!"

सर ताईसमोर येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, चुकलो मी. फार चुकलो." गळ्यातली किल्ली काढून त्यांनी तिच्या हातात ठेवली. ती रडली, पण मोकळी होऊन. माझाही जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी तिने उंबऱ्याच्या आत बसून चहा घेतला आणि माझी नक्कल उतरवून घेतली. मला नेलं नाही. "काकूंचं आहे ते," म्हणाली. मी पुन्हा खिळ्यावर आलो, या वेळी कॅलेंडरच्या पुढे, तोंड घराकडे. तुम्हाला एवढंच सांगतो, वस्तू सापडली नाही की माणसावर बोट रोखण्याआधी आपल्या घरातला खिळा बघा.

कपाटात माझ्या जागी आता लाल चिठ्ठी आहे. सरांनी स्वतः लिहिलीय, तारीख अकरा वर्षांपूर्वीची: 'कार्ड मी नेलं. घरी आहे.'