शेवटच्या ओळीतलं नाव

आमच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत काय बदललं, हे ग्राहकांना सांगणाऱ्या टिपणांत मला पाच ओळी लिहायच्या होत्या. आमच्या डेटाबेसमध्ये माहितीचा एक नवा प्रकार येत होता. आजवर माणसाचं नाव एका रकान्यात, गल्ली दुसऱ्यात, फोन तिसऱ्यात असायचा. आता खणांच्या ड्रॉवरसारखं सगळं एकाच रकान्यात मावणार होतं. खणात आणखी खणही. हे मी झकास लिहिलं. लिहिण्यात मी पटाईत आहे, घोळ बाकीच्या ठिकाणी घालते.

हा प्रकार बांधला मास्तरांनी. कोणालाही काहीही समजावत बसायचे, म्हणून मास्तर. चार वर्षं एकटे खपले आणि दोन महिन्यांपूर्वी कंपनीने त्यांना नारळ दिला. वय चोपन्न.

आमच्या टिपणांत प्रत्येक नोंदीखाली ते काम करणाऱ्याचं नाव छापतात. बाहेरच्यांना ते दुसरीकडे कुठेच दिसत नाही. गुरुवारी मास्तरांची मुलाखत होती, सात नकारांनंतर मिळालेली. तिथले लोक आमची टिपणं उघडून बघणार होते.

"बाकी काही नको गं," ते फोनवर म्हणाले, "तेवढं नाव येऊ दे."

मी शब्द दिला. साहेबांशी हुज्जत घालून, सोडून गेलेल्यांचंही नाव छापायचं, हे कबूल करून घेतलं. स्वतःवर खूशही झाले.

नावं यंत्रणा आपोआप भरते. कामाच्या फाइलला शेवटचा हात ज्याचा, त्याचं नाव. नव्या लोकांना हे मीच शिकवते. तरी मंगळवारी मास्तरांच्या फाइलमधलं एक खुलाशाचं वाक्य मला खटकलं. त्यांचं काम नेटकं दिसावं म्हणून मी ते सुधारलं.

बुधवारी टिपणं बाहेर पडली. चार वर्षांच्या कामाखाली माझं नाव होतं.

मी साहेबांच्या हातापाया पडले. ते म्हणाले, ग्राहकांकडे गेलेलं बदलत नाहीत, पुढच्या आवृत्तीत बघू. म्हणजे सहा महिन्यांनी. मग मी मुलाखत घेणाऱ्यांनाच पत्र लिहिलं, सगळा प्रकार सांगितला. त्या रात्री मला माझीच किळस आली.

गुरुवारी मास्तरांचा फोन आला. मी माफी मागायला लागले, त्यांनी थांबवलं.

"तुझं पत्र वाचलं त्यांनी. म्हणाले, बाई मनाने फार मोठी दिसते, स्वतःचं श्रेय सोडायला निघालीय."

"पण ते श्रेय माझं नव्हतंच," मी म्हणाले.

"त्या नोकरीला तू येशील का, विचारत होते," मास्तर म्हणाले. "मी तुझा नंबर दिलाय."