निळीच्या चाकाखालचा ठोकळा

मी निळी बोलतेय. मला रंगावरूनच हाक मारतात. माझी एक जुळी बहीण आहे, लाल. आम्ही दोघी एकाच कारखान्यात तयार झालो. इंजिन सारखं, टायर सारखे, वजनही सारखं. रंग सोडला तर आमच्या आईलाही आम्ही ओळखू आलो नसतो, पण गाड्यांना आई नसते. आम्हाला मामा होते. मामा म्हणजे आमचे मुख्य मेकॅनिक. सगळे त्यांना मामाच म्हणायचे.

आमचा जन्मच एका वेगळ्या स्पर्धेसाठी झाला. वर्षातून एकदा नाना प्रकारच्या शर्यतींतले अव्वल ड्रायव्हर एका स्टेडियममध्ये जमतात. कुणी गुळगुळीत ट्रॅकवरचा, कुणी जंगलातल्या कच्च्या रस्त्यावरचा रॅलीवाला, कुणी मोटरसायकलवाला. आपापलं वाहन घरी ठेवून यायचं आणि आम्हा दोघींपैकी एकीत बसायचं. दोघांनी एकदम सुटायचं, मग गाड्या बदलून पुन्हा पळायचं. दोघांनीही एकेक फेरी जिंकली, तर नाणं उडवायचं. नाणेफेक जिंकेल त्याने हवी ती गाडी घ्यायची आणि शेवटची फेरी पळायची. इथे गाडीची बढाई मारायला जागाच नाही, जो काही कस लागायचा तो माणसाचा.

माणसं मात्र आपल्या सवयी घेऊनच यायची. मोटरसायकलवाला वळण आलं की आतल्या बाजूला कलंडायचा, जसं काही मीही त्याच्याबरोबर वाकणार होते. रॅलीवाला शेजारच्या रिकाम्या सीटकडे कान द्यायचा, कारण पुढचं वळण सांगायला त्याच्याजवळ कायम कुणीतरी बसलेलं असायचं. ट्रॅकवरचा चॅम्पियन बसण्याआधी रुमालाने माझं स्टिअरिंग पुसायचा. मी सगळ्यांना सांभाळून घेत होते.

आणि तरी मी हरत होते. माझ्यात जो बसेल तो मागे राहायचा.

कारण मला पक्कं ठाऊक होतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये लाल सपाट जागेवर उभी असायची आणि मी मैदानात शिरायच्या बोगद्याच्या तोंडाशी, उतारावर. गाडी घसरू नये म्हणून तिथे हँडब्रेक ओढायचा असा नियमच होता. शर्यत पळून आले की माझे ब्रेक तव्यासारखे तापलेले असायचे. त्यावर हँडब्रेक करकचून ओढला की ते चाकाला धरून बसायचे, आणि नंतर हँडब्रेक सोडला तरी पकड पुरती सुटायची नाही. पदर मागे कुठेतरी अडकलाय आणि आपण धावतोय, अशी माझी गत व्हायची. मामा तपासायला यायचे तोवर मी गारठलेली असायचे, म्हणजे एकदम ठणठणीत. “काय धाड भरलीय हिला, काही कळत नाही,” म्हणत ते डोकं खाजवायचे. मला तोंड असतं तर मी तिथेच सांगितलं असतं.

चॅम्पियनने पहिल्याच दिवशी माझं बारसं केलं. माझ्यात हरला, गाडी बदलून लालमध्ये जिंकला, मग नाणेफेक जिंकून पुन्हा लालच घेतली. जाता जाता म्हणाला, “ही निळी रडकी आहे. ओढतच नाही.” झालं, ते नाव स्टेडियमभर पसरलं. जो तो नाणेफेक जिंकली की लाल मागू लागला. संध्याकाळी आयोजक मामांना म्हणाले, “स्पर्धा संपली की निळी मोडीत काढा. सुटे भाग लालला होतील.” मला राग आला. पण मी तेव्हाच ठरवलं, रडत जायचं नाही. जेवढी चाकं सुटतील तेवढं पळायचं.

दुसऱ्या दिवशी ताई आली. ती ट्रकच्या शर्यती जिंकणारी. एका ड्रायव्हरचा हात मोडला, म्हणून तिला ऐनवेळी बोलावलं होतं. मदतीला तिची नणंद होती आणि नणंदेच्या काखेत लाकडाचा एक काळपट ठोकळा. आयोजक हसून म्हणाले, “ताई, ट्रकवाल्यांना यंदा नाइलाजाने जागा दिलीय. काही करून दाखवलंत तर पुढच्या वर्षीही देऊ. नाहीतर ही जागा दुसऱ्यांना जाईल.”

“बघू की,” ताई म्हणाली. पण माझ्यात बसल्यावर तिने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की मला कळलं, तिच्यामागे बरेच ट्रकवाले श्वास रोखून बसलेत.

पहिली फेरी ती माझ्यात पळाली आणि हरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उतारावर येऊन थांबली तेव्हा नणंद खिडकीशी आली आणि तिने नाक वर केलं.

“वहिनी, वास येतोय.”

“ब्रेकचा. मला वाटलंच. मागून कुणीतरी धरल्यासारखं होत होतं.”

“मग हँडब्रेक कशाला ओढताय? सोडा, मी ठोकळा लावते.”

मामा धावत आले. “अहो बाई, इथे हँडब्रेकचा नियम आहे.”

“गाडी हलायला नको, एवढंच ना?” नणंदेने ठोकळा माझ्या चाकाखाली सारला आणि वरून पायाने एक ठोकर मारली. “ढकलून बघा आता.”

मामांनी ढकलून बघितलं. मी जागची हलले नाही. मामा माझ्या टपावर हात ठेवून उभे राहिले. ट्रक चालवणाऱ्यांच्या हे ठोकळा लावणं अंगवळणी पडलेलं, त्यात त्यांना विशेष काही वाटत नव्हतं. मला मात्र कितीतरी वेळाने मोकळा श्वास घेता आला.

मग ताईने लालमध्ये बरोबरी साधली. नाणेफेकही जिंकली आणि म्हणाली, “मला निळी द्या.” लोक हसले. ताई आणि मी सुटलो आणि रॅलीवाला आमच्या मागे राहिला. त्यापुढच्या सामन्यातला मोटरसायकलवालाही राहिला. बघता बघता रडकीचं नशीब फिरलं अशी आवई उठली. नशिबाचा काही संबंध नव्हता, चाकाखाली लाकूड होतं.

अंतिम सामना ताई आणि चॅम्पियनचा. पहिली फेरी ताईने माझ्यात जिंकली. दुसरी चॅम्पियनने, तीही माझ्यातच. आता नाणं उडालं आणि चॅम्पियन जिंकला. क्षणभर विचार करून म्हणाला, “निळी.”

कालची रडकी आज सगळ्यांना हवी होती. पण मला आनंद झाला नाही. मला आता ताईच्या विरुद्ध पळावं लागणार होतं.

रस्ता झाडून होईपर्यंत थांबायचं होतं. चॅम्पियनने मला उतारावर आणलं आणि सवयीने हँडब्रेक खसकन ओढला. ठोकळा नणंदेकडे होता आणि ती लालजवळ उभी होती. तिने ते बघितलं. ताईनेही बघितलं.

“गप्प बसा हं वहिनी,” नणंद हळूच म्हणाली. “ओढू दे त्याला. आपल्याला जागा टिकवायची आहे की नाही?”

ताईने हेल्मेट काढलं. “आणि उद्या सगळे म्हणणार, निळी ओढत नव्हती म्हणून ट्रकवाली जिंकली. तसली जागा घेऊन काय करू?” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “शिवाय त्या गाडीने आपलं काय घोडं मारलंय? आण तो ठोकळा.”

ती चालत माझ्याजवळ आली. चॅम्पियनने काच खाली केली.

“दादा, हँडब्रेक सोडा. ब्रेक तापलेत, धरून बसतील.”

“सोडतो आणि गाडी घसरली की बाद होतो. असंच ना?” तो म्हणाला.

ताईने नणंदेच्या हातातला ठोकळा घेतला. ती खाली वाकली, स्वतःच्या हाताने ठोकळा लावला आणि म्हणाली, “उतरून चाकाजवळ हात धरा.”

तो उतरला. चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. काल माझ्यात हरला तेव्हा मी का ओढत नव्हते, ते त्याला कळलं असावं. तो परत आत बसला आणि त्याने हँडब्रेक सोडला.

मग आम्ही सुटलो. हातचं राखून पळणं मला जमत नाही, आणि त्या दिवशी जमलं असतं तरी मी केलं नसतं. ज्या बाईने मला मोकळं केलं, तिच्यासमोर खोटं पळणं म्हणजे तिचाच अपमान. दोघींचे रस्ते जिथे एकमेकांना ओलांडतात, त्या पुलाखालून मी पुढे निघाले, वरून लाल गेली. पुढच्या वळणावर आम्ही बरोबरीत होतो. चॅम्पियनने जे मागितलं ते सगळं मी दिलं. शेवटच्या वळणाला त्याने ब्रेक जरा लवकर दाबला, ताईने दाबला नाही. लालचं नाक माझ्या आधी रेषेपार गेलं.

मी हरले. हरून इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

आयोजक माईक घेऊन चॅम्पियनकडे धावले. “काय झालं? निळीने पुन्हा दगा दिला?”

चॅम्पियनने रुमालाने मान पुसली. मग म्हणाला, “गाडी एक नंबर होती. मीच कमी पडलो. ताई माझ्यापेक्षा जोरात पळाली.” तेवढ्या बोलण्याने ताईच्या लोकांची जागाही पक्की झाली आणि माझं नावही धुऊन निघालं. नणंद लालच्या बॉनेटवर डोकं टेकून रडत होती. मामांनी मोडीचा विषय पुन्हा निघूच दिला नाही.

आता स्पर्धेत नव्या गाड्या आल्यात. मी एका ड्रायव्हिंग शाळेत असते. शिकाऊ मंडळी माझे गिअर खरडतात, वळणावर दातओठ खातात आणि कुठे अडलं की म्हणतात, गाडीच बरोबर नाही. ट्रकवाले अजून दरवर्षी त्या स्पर्धेत जातात, हे मला शाळेतल्या टीव्हीवरून कळतं. ताईने निघताना ठोकळा परत नेला नाही. तो माझ्या डिकीत आहे, उतारावर अजून तोच लावतात.

तुम्हीही कधी माझ्यात बसाल. मी मागे पडले तर जरूर बोल लावा, पण त्याआधी एकदा बघा, आपणच तर काही ओढून ठेवलेलं नाही ना. चला, ठोकळा काढा. मी तयार आहे.