कागदी ताटलीवरची पाच भोकं

मर्लची अट साधी होती. आईने सात वार अंतरावरून कागदी ताटलीत पाचपैकी पाच गोळ्या मारल्या, तर ती शेतावरच्या घरात एकटी राहू शकेल. नाहीतर मुकाट्याने गावात, त्याच्या शेजारच्या खोल्यांत. मागच्या महिन्यात चोरांनी पलीकडचं घर फोडलं होतं, आणि शेरीफची, म्हणजे पोलिसांची, गाडी यायला चाळीस मिनिटं लागली होती.

व्हेल्डाबाई अडुसष्ट वर्षांच्या. तीस वर्षं चौथीला शिकवलेलं. "परीक्षा मान्य," त्या म्हणाल्या, "पण पाटी-पेन्सिल मी निवडणार."

बंदुकीच्या दुकानात काउंटरमागे रोंडा उभी होती. कधीकाळी बाईंच्या वर्गात पाढे म्हणताना सातावर येऊन अडकणारी.

"या बाई. मी वेणी घालायचं सोडलंय, म्हणून ओळखलं नाहीत का?"

"ओळखलं. सात आठे?"

"छप्पन. आता झोपेतही सांगते."

मर्लने काचेखालच्या छोट्या पिस्तुलाकडे बोट दाखवलं. "हे बघ, आई. हलकं आहे. तुझा हात लहान, तर पिस्तूलही लहान."

रोंडाने ते काढलं, रिकामं असल्याचं उघडून दाखवलं, बंद केलं आणि बाईंच्या हाती दिलं. बाईंनी नळी भिंतीकडे धरली आणि पुन्हा उघडून पाहायला वरचा भाग मागे ओढून पाहिला. संधिवाताने सुजलेला अंगठा कळवळला. तो भाग जागचा हलेना.

"अगं, तिने आत्ताच दाखवलं ना," मर्ल म्हणाला.

"दुसऱ्याने सोडवलेलं गणित आपण पुन्हा करून बघायचं," रोंडाच म्हणाली. "बाईंनीच शिकवलंय. बाई, जे तुम्हाला स्वतः उघडून बघता येत नाही, ते तुमचं नाही. आणि मर्ल, हलकं पिस्तूल हाताला जास्त झटका देतं. सगळे मुलगे आईसाठी हेच उचलतात."

"तुम्ही दोघी एक झालात तर माझं कोण ऐकणार?"

"चौथीत तरी कोण ऐकत होतं?" बाई म्हणाल्या.

मग रोंडाने एक जाडजूड पोलादी रिव्हॉल्व्हर काढलं. नळी चार इंचांची. गोळ्यांचं चक्र कडेला सहज उघडलं. बाईंनी एकेक घर बोटाने चाचपलं. सहा घरं, सहाही रिकामी. अंगठ्याला काही काम नव्हतं. चाप जड होता, पण पहिलं बोट अजून खणखणीत होतं. तीस वर्षं खडू धरलेलं बोट ते.

दुकानामागे मातीच्या बांधासमोर ताटली टांगली होती. डोळ्यांवर चष्मा, कानांवर आवाज अडवणारी झाकणं. रोंडा शेजारी उभी राहिली. "चाप एका दमात, सावकाश. घाई केलीत की नळी खाली जाते."

पाच आवाज झाले. रोंडाने ताटली काढून आणली. चार भोकं आत. पाचवं अगदी कडेवर, अर्धं कागदात, अर्धं हवेत.

मर्लने ताटली वर धरली. बराच वेळ बघितलं. आईचा चेहरा त्याला दिसत होता. "लागलंय की," तो हळूच म्हणाला. "चालेल."

"आमच्याकडेही कडेला लागलं तर धरतात," रोंडा म्हणाली.

व्हेल्डाबाईंनी रिव्हॉल्व्हर उघडून खाली ठेवलं. "मी तुम्हाला अर्ध्या उत्तराला कधी पूर्ण गुण दिले होते का? नवी ताटली लाव, रोंडा."

"आई, हरलीस तर?"

"तर सामान बांधायला ये."

या वेळी त्यांनी दोन गोळ्यांच्या मध्ये श्वास सोडला, मुलांना शुद्धलेखन घालताना थांबायच्या तसा. मर्ल बांधाकडे बघत नव्हता, आईच्या हातांकडे बघत होता. पाच आवाज झाले.

पाचही आत. तीन तर एका बशीखाली झाकली जावीत इतकी जवळ.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मर्लने टोपी काढली, पुन्हा घातली. मग तो काउंटरपाशी गेला आणि न विचारता बंदूक ठेवायची एक कुलपाची पोलादी पेटी उचलून आणली. "नाताळात नातवंडं येतील," तो म्हणाला. "तुझ्याच घरी."

बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म भरताना बाईंना शेजारून पेनाची खरखर ऐकू आली. रोंडा लाल पेनाने ताटलीवर काहीतरी लिहीत होती. बाईंनी चष्मा खाली ओढून पाहिलं. पाचपैकी पाच, आणि खाली एक वाकडी चांदणी.

"चांदणी अजून नीट येत नाही तुला," बाई म्हणाल्या, आणि ताटली घडी न घालता पिशवीत ठेवली.