अंगाला लागलेली जर

आमच्या सुरेशच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायला ब्रह्मदेव खाली उतरला तरी उपयोग नाही. सुरेश माझा धाकटा भाऊ. सुरतेतल्या एका दवाखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. मी मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. दोघंही बिनलग्नाचे, त्यामुळे भांडायला घरात आम्हाला आम्हीच.

१९९६ च्या मार्चमध्ये माझ्या वर्गातल्या हर्षदाचे आईवडील शाळेत आले. मगनभाऊ आणि सरलाबाई. मूळचे खानदेशातले, राहायला सुरतेतल्या गोडादऱ्यात. मगनभाऊ कापडाच्या कारखान्यात लूम चालवायचे. हर्षदा दोन महिन्यांनी शाळा सोडणार, असं ते सांगायला आले होते. कारण विचारलं तर मगनभाऊ खाली बघत राहिले. मग सरलाबाईंनीच सांगितलं. लूमवर उभं असताना यांना अचानक धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, मशीन बंद करून खाली बसावं लागतं. दहा मिनिटांनी सगळं ठीक. तीनदा दवाखान्यात नेलं, तीनदा छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, तिन्ही वेळा पट्टी चांगली. आता शेठ म्हणतो, पुन्हा मशीन सोडून बसलास तर घरी जा. घरी म्हणजे गावी.

"मी खोटं नही बोलस, बाई," मगनभाऊ म्हणाले. "पण पट्टी काढताना ते येतच नही. आता काय करू?"

सरलाबाईंनी मान वळवली. खरं सांगते, मलाही तेव्हा वाटलं की माणूस कामाला कंटाळलाय. सहा फूट उंच, रुंद छाती, आणि म्हणे धडधडतं.

घरी आल्यावर मी हे सुरेशला सांगितलं आणि चूक केली. तो जेवता जेवता थांबला.

"ताई, दुखणं येतं लूमवर आणि यंत्र आहे दवाखान्यात. मग कसं सापडेल? यंत्रच अंगात घालून पाठवलं तर?"

"आणि इस्त्री कुठे करायची त्याला?"

"थट्टा नको. बघ तू, पुढे माणसं सदरा घालतील आणि सदराच डॉक्टरला सांगेल की याचं काळीज नीट चालत नाही."

"तुझ्या सदऱ्याला आधी बटणं लाव," मी म्हटलं. पण झोपेपर्यंत तो सदरा माझ्याही डोक्यातून गेला नाही.

काळजाच्या प्रत्येक ठोक्याला अंगात बारीकशी वीज उठते, आणि छातीवर धातू टेकवल्याशिवाय ती पकडता येत नाही. मग कपड्यातच धातू कुठून आणायचा? हा प्रश्न जरीच्या या सुरतेत पडावा, हीच गंमत. सरलाबाई घरी जर गुंडाळायचं काम करायच्या. सुरेशने त्यांच्याकडून दोन-चार प्रकारचे धागे आणवले आणि वीज वाहते का ते सांगणारं आपलं मीटर लावलं. प्लास्टिकची जर गप्प. चांदीची खरी जर लावली आणि मीटर पीप करून ओरडलं. मला कसला आनंद झाला! मी कपाट उघडून आईचा शालू काढला. पदर पीप. मग दुकानदाराने शपथ घेऊन विकलेली माझी साडी काढली. तिने तोंडातून शब्द काढला नाही. त्या दुकानदाराला मी दहा मिनिटं शिव्या घातल्या.

सरलाबाईंनी खऱ्या जरीच्या उरल्यासुरल्या तुकड्यांनी एका बंडीला आतून तीन चौकोन भरून दिले, दोन छातीवर, एक कमरेवर. सुरेशने त्यांना तारा जोडल्या आणि पट्ट्यात अडकवायचा एक डबा केला. डब्यात बॅटरी आणि छोटा टेपरेकॉर्डर. काळजाचा एक ठोका पडला की कॅसेटवर एक टिक. धडधडायला लागलं की बटण दाबायचं आणि स्थिर उभं राहायचं, एवढंच मगनभाऊंचं काम.

चार दिवसांनी मगनभाऊ आणि सरलाबाई कॅसेट, डबा आणि बंडी घेऊन आले. आम्ही लावली. खरखर, मग शांतता, मग पुन्हा खरखर. टिक एकही नाही.

"परवा लई जोरात आलं होतं," मगनभाऊ म्हणाले. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. सरलाबाई माझ्याकडे बघून बारीक हसल्या. 'कळलं ना आता तुम्हालाही?' असं त्या हसण्यात होतं.

सुरेशने डबा तीनदा खोलला, तीनदा बंद केला. डबा ठणठणीत. मी बंडी हातात घेऊन उलटीसुलटी केली. चार दिवस लूमवर घातलेली बंडी, आणि तिची जर नव्यासारखी लखलखत होती.

"मगनभाऊ, तुम्हाला घाम येत नाही?"

"येतो ना बाई, अंघोळ होते. पण घाम लागला की जर काळी पडी जाई ना. मी बंडीखाली गंजी घातला. रोज धुतलेला."

सुरेशने कपाळावर हात मारला. बंडी अंगाला लागून घालायची, हे सांगायचंच राहून गेलं होतं. तो धरून चालला होता की हे कोणालाही कळतं. आणि जरीला घाम लागू द्यायचा नाही, हे सुरतेत कोणाला सांगावं लागत नाही! शिवाय मगनभाऊंचं म्हणणंही बिनतोड होतं. "डॉक्टर सदऱ्यावरूनच नळी लावतो की."

"घामच हवाय आपल्याला," सुरेश म्हणाला. "ओल्यातून वीज नीट येते, म्हणून दवाखान्यातही मुद्दाम ओलं मलम लावतात. पडू दे काळी."

सरलाबाईंना हे मुळीच आवडलं नाही. दिवसच्या दिवस बसून भरलेली जर! पण त्यांनी बंडी नवऱ्याच्या हातात दिली.

पुढच्या रविवारी सकाळी दोघं आले. मी चहा ठेवला. सुरेशने कॅसेट लावली.

टिकटिकटिकटिक. इतकी भरभर, की पहिल्यांदा वाटलं टेपच जोरात पळतोय. सुरेशने घड्याळ लावून मोजलं. पंधरा सेकंदांत अठ्ठेचाळीस. म्हणजे मिनिटाला एकशे ब्याण्णव ठोके, आणि तेही जागेवर उभ्या असलेल्या माणसाचे. मी मनातल्या मनात त्या माणसाची माफी मागत होते.

मग टिकटिक एकदम थांबली.

काहीच नाही. एक सेकंद, दोन, तीन. मगनभाऊ समोर खुर्चीत बसून बशीतला चहा पीत होते, तरी सरलाबाईंनी झडप घालून त्यांचं मनगट धरलं. चहा दोघांच्या अंगावर सांडला. टिक. मग सावकाश दुसरी, तिसरी, सगळी ओळीने.

"उद्या सकाळी हृदयाच्या मोठ्या डॉक्टरकडे मी स्वतः नेतो," सुरेश म्हणाला. "हे ऐकल्यावर परत पाठवायची कोणाची छाती नाही. बहुतेक गोळ्यांनी ताब्यात येईल."

सरलाबाई रडत होत्या. "मी बी यासले नाटकी म्हनं, बाई. रोज म्हनं." मनगट त्यांनी सोडलं नव्हतं.

आम्ही तिघंही घाबरलो होतो. खोलीत खूश असा एकच माणूस होता. मगनभाऊ ओल्या सदऱ्यानिशी हसत टेपकडे बोट दाखवत होते.

"अजून एकदा लावा," ते म्हणाले. "तिले आयकू द्या."