पैलवानाचा खिसा

"काका, ही रक्कम दानात धरता येणार नाही," मार्सीने पावती ऑर्व्हिलकडे परत सरकवली. "कॉलेजच्या पैलवानांना पैसे देणारी संस्था धर्मादाय नाही, असं करखातं म्हणतंय. पैसा पोरांच्याच खिशात जातो."

"मग कुठं जायला हवा? हाडं ती मोडून घेतात. म्हणून तर दिला!"

मार्सीला हसू आलं. आयोवातल्या त्या गावात निम्म्या घरांची करविवरणं तीच भरून द्यायची, आणि ऑर्व्हिल तर सख्खा शेजारी. सवलत गेली तर त्याला कर भरायला हिरवा ट्रॅक्टर विकावा लागणार, हे तिला ठाऊक होतं. बायकोच्या आजारपणात जमीन गेली, पण ट्रॅक्टर त्याने ठेवला होता. रविवारी चर्चमधून आला की तो नुसता सुरू करून ऐकत बसायचा.

"एक वाट आहे," मार्सीने आवाज खाली आणला. "ही पोरं वृद्धाश्रमात सेवेला जायची. पैसे त्या सेवेचेच होते, असं मांडून बघू. त्यांतला कोल्बी लव्हॉनकाकूंकडे यायचा तो कामावर म्हणून, एवढं लिहून द्या."

ऑर्व्हिलला बायकोची वृद्धाश्रमातली खोली आठवली. लव्हॉनला शेवटी नवराही ओळखू येईना. पण कोल्बी पलंगाशी बसला की ती त्याचा कुस्तीत मोडलेला कान चिमटीत धरून खुदखुदायची, आणि तो धिप्पाड गडी मान खाली घालून धरू द्यायचा. संस्थेने ठरवलेल्या भेटी मक्याच्या सुगीतच संपल्या. हा मात्र ती जाईपर्यंत बर्फ तुडवत येत राहिला.

"कामावर नव्हता तो. आपणहून यायचा."

"काका, ट्रॅक्टर जाईल."

"जाऊ दे. पैसे त्याच्या कुस्तीचे होते. माझ्या बायकोला हसवलं ते त्याने फुकट, पोरी. ते मी मजुरीत नाही मांडणार. फार उपकार आहेत त्याचे."

मार्सीने ती रक्कम खोडली.

शनिवारी गिऱ्हाईक आलं. ट्रॅक्टर गाडीवर चढवून साखळ्या आवळायला कोल्बी धावून आला होता.

"का विकलात, आजोबा?"

"म्हातारा झाला रे. कुरकुरायचा, माझ्यासारखा."

गाडी वळणाआड गेली. ऑर्व्हिलने हात वर केला आणि त्या पोराचा मोडलेला कान हलकेच चिमटीत धरला. कोल्बीने नेहमीसारखी मान खाली घातली.